झोळीने धरलेलं बाळसं

गावातल्या बायका तिला तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे पापणीबाई. कारण समोर बाईमाणूस आलं की ही ‘बरी आहेस का’ असं कधी विचारायची नाही. सरळ अंगठा पुढे करायची, त्या बाईच्या डोळ्याखालची पापणी खाली ओढायची आणि आत डोकावायची. आतला रंग लाल निघाला तर ‘जा’ म्हणायची. फिकट निघाला तर त्या बाईची धडगत नसे, मग ती विहिरीवर असो, गिरणीच्या रांगेत असो नाहीतर कुणाच्या मयताला आलेली असो. एकदा तर मयताच्या घरात रडणाऱ्या सुनेचीच पापणी हिने ओढून पाहिली आणि ‘रडायचं नंतर, आधी रक्ताची गोळी घे’ म्हणून पिशवीतून गोळी काढली. त्या घरची माणसं दोन वर्षं तिच्याशी बोलत नव्हती. तिचं काही अडलं नाही. सुनेचं रक्त मात्र वाढलं.

रक्ताची गोळी म्हणजे लोहाची. तोंडात गंजलेला खिळा धरल्यासारखी तिची चव, आणि वर पोटात ढवळतं ते वेगळंच. त्यामुळे गोळ्या घरोघर पोचत, पण पोटापर्यंत क्वचितच जात. कुणाच्या उशीखाली सापडत, कुणाच्या परसात. एकीच्या कोंबड्या भलत्याच तुकतुकीत झाल्या होत्या, त्याचंही कारण हेच असावं असा पापणीबाईला दाट संशय होता. ‘गोळी घेतलीस का?’ असं विचारलं की सगळ्या एका सुरात ‘घेतली’ म्हणायच्या. ‘घेतली’ हा या गावातला सगळ्यात खोटा शब्द आहे, असं तिचं ठाम मत होतं.

मग तिने त्यावर तोड काढली. लोहाच्या गोळीने संडासला काळी होते, हे प्रशिक्षणात कुणीतरी खाली मान घालून पुटपुटलं होतं. हिने ते हत्यारासारखं उचललं. ‘घेतली’ म्हणणाऱ्या बाईला ती भर रस्त्यात, सासऱ्यासमोर, खणखणीत आवाजात विचारायची, “मग काळी होते का?” सासरा घरात पळायचा, बाई लाजून अर्धी व्हायची. त्या एका प्रश्नाच्या धास्तीने निम्म्या गावाने गोळ्या गिळायला सुरुवात केली. तरी हिचा विश्वास नव्हताच. गोळी तिच्यासमोर घ्यायची, मग तोंड उघडायचं, मग जीभ उचलून दाखवायची. गावातल्या बायकांनी नवऱ्यापुढे जितकं तोंड उघडलं नसेल तितकं हिच्यापुढे उघडलं.

ती होती स्वयंसेविका. स्वयंसेविका म्हणजे काय, तर काम तुमचं, पाय तुमचे, चप्पल तुमची, आणि यश आलं तर ते कार्यालयाचं. गावात अशा पाचजणी होत्या आणि पापणीबाई त्यांची म्होरकी. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी शाळेच्या व्हरांड्यात त्या गावातल्या लहान मुलांची वजनं करायच्या. तुळईला घड्याळासारखा गोल काटा टांगलेला, काट्याच्या आकड्याला झोळी, झोळीत मूल. एक नुकतीच लग्न होऊन आलेली, अक्षर चांगलं म्हणून धरून आणलेली सून वजनं लिहायची. तिला सगळे वहीवाली म्हणत. वजन चांगलं असेल तर वहीत हिरवा ठिपका, कमी असेल तर पिवळा, आणि फारच कमी असेल तर लाल. लाल ठिपक्याच्या मुलाला रोज अंडं, पोषणाच्या पिठाची पाकिटं आणि गरज पडली तर मोठ्या दवाखान्यात आईसकट खाट.

वजनाचा एक नियम होता. आधी रिकामी झोळी लटकवायची, काटा शून्यावर आहे का बघायचं, मोठ्याने ‘शून्य’ म्हणायचं, मगच मूल ठेवायचं. हा नियम पापणीबाईने आजूबाजूच्या नऊ गावांतल्या बायकांना स्वतः शिकवला होता, तोही बोट नाचवून. पण सहा वर्षं तोच काटा आणि तीच झोळी. काटा दर वेळी शून्यावरच असायचा. मग हळूहळू बघणं सुटलं आणि म्हणणं तेवढं उरलं. रांगेतल्या पोरांवर खेकसता खेकसता, मान न वळवता ती ‘शून्य!’ ओरडायची आणि वहीवाली मान डोलवायची.

जुनी झोळी होती पातळ कापडाची. तिच्या कडा पोरांच्या मांड्यांना काचायच्या. मूल झोळीत गेलं की असं किंचाळायचं, की बाहेरच्या म्हशी दावं तोडायला बघायच्या. आयाही कुरकुरायला लागल्या. तेव्हा पापणीबाईने मनावर घेतलं. दुहेरी ताडपत्री घेतली, आत जुन्या घोंगडीचं अस्तर लावलं, कडेने दोन-दोन टिपा मारल्या. तिचा नवरा गवंडी. त्याच्या हत्यारांच्या पेटीतून माल वर खेचायच्या दोराच्या दोन लोखंडी कड्या काढल्या आणि वर शिवून टाकल्या.

“ही झोळी आहे की पलंग?” गवंडी म्हणाला. “यात मीसुद्धा झोपेन.”

“तुमचं वजन काय करायचं? ते सगळं जिभेत आहे,” ती म्हणाली.

जुनी झोळी तिने घरी नेऊन तिच्यात कांदे भरून टांगले. नव्या झोळीत पहिल्या मंगळवारी पोरं रडली तर नाहीतच, दोन तर झोपली. पापणीबाईचा ऊर असा भरून आला, की ‘शून्य’ तिने नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत म्हटलं. बघितलं मात्र नाही.

त्या दिवशी गावात चमत्कार झाला. बासष्ट मुलं होती. गेल्या महिन्यात त्यांतली चौदा लाल होती, या महिन्यात तीन उरली. वहीवालीच्या लाल पेन्सिलीला कामच राहिलं नाही. वही कार्यालयात पोचली आणि दुसऱ्याच दिवशी मॅडम धावत आल्या. या मॅडम पंधरा गावांच्या पर्यवेक्षिका. त्यांचा मुलांवर जीव होताच, पण तक्त्यांवर जरा जास्त होता.

“मावशी, केलंत तरी काय तुम्ही?”

“केलं काहीबाही,” पापणीबाई म्हणाली. खरं तर काय केलं ते तिलाही माहीत नव्हतं, पण कौतुक दारात उभं असताना पत्ता चुकलाय असं कोण सांगतं? मुलं रडत नाहीत म्हणून वजन नीट कळतं, असा तिने तर्क लढवला. मॅडमनी तो लगेच लिहून घेतला, झोळीचा फोटो काढला आणि ‘नमुना झोळी’ म्हणून आणखी दोन गावांना शिवायला सांगितली. तीन आठवड्यांनी मोठे साहेब येणार, गावाच्या तोंडाशी ‘कुपोषणमुक्त गाव’ असा फलक लागणार, हेही ठरलं.

“आणि ती तीन लाल पोरं?” वहीवालीने विचारलं.

“ती त्या दिवशी मामाच्या घरी गेली असली तरी चालेल,” मॅडम म्हणाल्या.

या सगळ्या आनंदात एक पोर यादीतून गळली. दीड वर्षाची, वीटभट्टीवर काम करणाऱ्या बाईची मुलगी. अंगाने इतकी लहान की सगळे तिला पिटुकलीच म्हणत. गेल्या महिन्यात ती सात किलो भरली होती, म्हणजे लाल. तिला दवाखान्यात न्यायची चिठ्ठीसुद्धा तयार होती. पण तिची आजी अडून बसली होती. “आमच्या घराण्यात सगळे बारीकच. काटक बांधा आहे आमचा,” असं ती अभिमानाने सांगायची. आणि आता नव्या झोळीत पिटुकली भरली सात किलो तीनशे. लालची पिवळी झाली. चिठ्ठी मॅडमनी फाडली, अंडं बंद झालं.

“बघ, सांगत नव्हते?” आजी सुनेला म्हणाली. वीटभट्टीवरचीने पापणीबाईकडे पाहिलं. “मावशी, कडेवर तर हलकीच लागते हो,” ती हळूच म्हणाली.

पापणीबाईने सवयीने पिटुकलीची पापणी ओढली. आत धुतलेल्या फडक्यासारखं पांढरं. अंगठ्याला जे दिसलं ते तिला कळलं होतं. पण सहा वर्षांत पहिल्यांदाच काट्याने तिची स्तुती केली होती, आणि अंगठ्याने काही केल्या ती करायला नकार दिला होता. ती काट्याच्या बाजूने गेली. “वजन आधी वाढतं गं, रक्त मागून येतं,” असं ठोकून दिलं आणि पुढच्या घरी गेली. जन्मभर दुसऱ्यांच्या ‘घेतली’वर विश्वास न ठेवणाऱ्या बाईने स्वतःची थाप मात्र पाण्याशिवाय गिळली.

खोटं उघडं पडलं ते पिठाच्या पाकिटामुळे. दहा-बारा दिवसांनी गिरणीवाल्याची बायको पाकीट घेऊन व्हरांड्यात भांडायला आली. दोन किलो छापलंय आणि आत कमी भरतंय, तुम्ही पाचजणी मधल्या मधे खाता, असं तिचं म्हणणं. पापणीबाई भडकली. “आण इकडे!” म्हणाली, पाकीट झोळीत टाकलं आणि चार बायकांसमोर काटा दाखवला. “बघ! डोळे फाडून बघ! दोन किलो… चारशे.”

बायका हसल्या. गिरणीवालीचं तोंड पडलं. पण पापणीबाईचं तोंड तिच्याहून जास्त पडलं. पाकीट छापल्यापेक्षा कमी भरलं असतं तर तिला नवल वाटलं नसतं. जास्त भरतं? अशी गोष्ट तिच्या हयातीत घडली नव्हती. सगळ्या गेल्यावर तिने पाकीट बाहेर काढलं आणि कित्येक वर्षांत प्रथमच मान वर करून काट्याकडे नीट पाहिलं. रिकामी झोळी संथपणे झुलत होती आणि काटा चारशे ग्रॅमवर उभा होता. ताडपत्री, घोंगडी, नवऱ्याच्या कड्या. गावातल्या एकाही पोराचं वजन वाढलं नव्हतं. बाळसं धरलं होतं ते झोळीने.

तिने बोटांवर हिशेब केला. सात तीनशेतून चारशे गेले, सहा नऊशे. म्हणजे पिटुकली वाढलेली नव्हतीच, उलट शंभर ग्रॅम उतरली होती. आणि त्याबद्दल आपण तिचं अंडं बंद केलं. पापणीबाईला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुपारी ती कार्यालयात गेली आणि मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी आधी दार लावलं.

“हे आणखी कुणाला बोललात?”

“अजून नाही.”

“मग बोलू नका. समारंभ आठ दिवसांवर आलाय. तो होऊन जाऊ दे. मग आपण दर महिन्याला शंभर-शंभर ग्रॅम उतरवू. चार महिन्यांत वही जागेवर. कुणाच्या लक्षातही येणार नाही.”

“आणि पिटुकली?”

“तीही येईल ना लालमध्ये, चौथ्या महिन्यात. आपोआप.”

“चार महिन्यांत ती आपोआप दुसरीकडेच जाईल, मॅडम.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “लाल ठिपका नसेल तर दवाखाना खाट देत नाही. आणि ठिपका बदलायचा तर सगळीच वही बदलावी लागेल. मग विचारतील, चूक कुणाची? झोळी कुणी शिवली, मावशी? शून्य कोण म्हणालं?”

शून्य तीच म्हणाली होती, वरच्या पट्टीत.

परतताना ती वीटभट्टीवरून आली. पिटुकली सावलीत पोत्यावर पडली होती. हिने पापणी ओढली. एरवी हिचा अंगठा दिसला की गावभरची पोरं बोंब ठोकायची. पिटुकलीने नुसतं पाहिलं. ती रडली नाही. पापणीबाईला त्या न रडण्याचीच भीती वाटली.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. तो भिंतीला टेकून पाय चोळत होता.

“तुमची भिंत चुकली तर काय करता?”

“ओळंबा लावून कळलं की पाडतो.”

“चार महिन्यांत थोडी थोडी सरळ करत नाही?”

“भिंत आहे की नवरा?” तो म्हणाला. मग बायकोचा चेहरा पाहून त्याने पाय चोळणं थांबवलं.

समारंभाला अख्खं गाव लोटलं. शाळा रंगवली होती, फलकावर कापड टाकलं होतं, आणि शाळेची दोन वर्षं बंद पडलेली मोरी साहेबांच्या सोयीसाठी एका रात्रीत सुरू झाली होती. साहेबांनी भाषण केलं. त्यात गावाचं नाव एकदा चुकलं आणि पापणीबाईचं आलंच नाही. शेवटी फोटोसाठी एका बाळाचं वजन करून दाखवायचं होतं. सरपंचांचा नातू निवडून ठेवला होता. तो इतका गुटगुटीत होता, की त्याला झोळीत घालायला दोघीजणी लागणार होत्या.

पापणीबाई काट्याजवळ गेली. रिकामी झोळी लटकवली. फोटोवाला वाकला.

“शून्य!” ती सवयीने ओरडली. आणि थांबली. “शून्य नाही, साहेब. चारशे.”

साहेबांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. ते हसले.

“हे आमच्या गावचं सगळ्यात निरोगी बाळ,” झोळीवर थाप मारत ती म्हणाली. “वय महिनाभर. वजन चारशे ग्रॅम. बाप ताडपत्रीवाला, आई मी. गावात जेवढं बाळसं आलं ते सगळं हिच्याच अंगावर आलंय. पोरं आहेत तिथेच आहेत.”

आधी मागच्या बायकांत हशा पिकला, मग तो विझला. मॅडम पुढे सरसावून ‘तांत्रिक बाब आहे, साहेब’ म्हणाल्या. पण पापणीबाईने गर्दीतून वीटभट्टीवरचीला हाताला धरून पुढे आणलं होतं आणि पिटुकलीला झोळीत ठेवलंही होतं. “वाचा, साहेब. तुम्हीच वाचा.”

“सात… दोनशे,” साहेबांनी वाचलं.

“चारशे वजा करा.”

दोनशे माणसं साहेबांकडे बघत होती. त्यांनी वजाबाकी केली. ती बरोबर आली, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

“सहा आठशे. लाल,” वहीवाली मोठ्याने म्हणाली आणि कुणी न सांगता पेन्सिल काढली.

“अहो, आमचं घराणंच काटक…” आजी मागून बोलली.

“काटक माणूस उभं तरी राहतं,” पापणीबाई वळून म्हणाली. “तुझी नात बसवली तरी कलंडते. आता एक शब्द बोललीस तर तुझीच पापणी ओढीन.”

साहेबांना दया आली की लाज, ते त्यांचं त्यांना माहीत. त्यांनी गाडी दिली. पिटुकली आणि तिची आई साहेबांच्या गाडीत बसून दवाखान्यात गेल्या, आणि साहेब मॅडमच्या स्कूटरवर मागे बसून कार्यालयात. फलकावरचं कापड कुणी काढलंच नाही. पुढे तो शाळेच्या मागे, अक्षरं भिंतीकडे करून उभा राहिला.

गावाने पापणीबाईचे आभार मानले असं कुणाला वाटत असेल तर त्याने गाव पाहिलेलं नाही. आया आठवडाभर तिच्या नावाने बोटं मोडत होत्या. चांगलं हिरवं झालेलं पोर हिने पुन्हा पिवळं केलं, म्हणून. चारशे-चारशे वजा करून केलेल्या फेरवजनात लाल निघाली पंधरा. कार्यालयातून कागद आला, ‘झोळीत अनधिकृत वजन का समाविष्ट करण्यात आले याचा खुलासा करावा.’ तिने वहीवालीकडून तीन वाक्यं लिहून घेतली: ‘झोळी मी शिवली. शून्य मी बघितलं नाही. आता बघते.’ खाली सही केली. त्यावर पुन्हा काही विचारणा झाली नाही. नमुना झोळी शिवलेल्या त्या दोन गावांत मात्र फलक लागले. तिथे ती दोनदा सांगायला गेली. दोन्ही वेळा तिला चहा तेवढा मिळाला.

तीन आठवड्यांनी पिटुकली परत आली. पापणीबाईने घरातले कांदे जमिनीवर ओतले, जुनी झोळी झटकली आणि काट्याला लावली. खाली वाकून बघितलं, वर चढून बघितलं, वहीवालीला बघायला लावलं. मग म्हणाली, “शून्य.” पिटुकलीच्या पायातले बूट काढले, टोपी काढली, मुठीतला बिस्किटाचा तुकडासुद्धा काढून घेतला. झोळी काचली तशी पिटुकलीने असा टाहो फोडला, की बाहेरची म्हैस उठून उभी राहिली.

“सात किलो सहाशे,” वहीवालीने वाचलं.

“रड, बाई, रड,” पापणीबाई म्हणाली. तिने पापणी ओढली. आत गुलाबी होतं. पूर्ण लाल नाही, पण गुलाबी. तिला पुढचं नीट दिसेना, म्हणून तिने चेहरा भिंतीकडे केला आणि उगाच काट्याचा दोर घट्ट करत राहिली.

वीटभट्टीवरची बाजूला उभी राहून हे बघत होती. दवाखान्यात तीन आठवडे तिने नर्सबाईंच्या हाताखाली बरंच शिकून घेतलं होतं. ती पुढे आली, आणि काही कळायच्या आत तिने अंगठा लावून पापणीबाईचीच पापणी खाली ओढली.

सहा वर्षांत हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

“पांढरीफटक आहे, मावशी,” ती म्हणाली. “गोळी घेतली का?”

“घेतली,” पापणीबाई म्हणाली. अगदी त्याच सुरात, ज्या सुरात सगळं गाव म्हणायचं.

वीटभट्टीवरचीने एक क्षण तिच्याकडे पाहिलं. मग साऱ्या बायकांसमोर, दारात उभ्या असलेल्या गवंड्यासमोर, खणखणीत आवाजात विचारलं, “मग काळी होते का?”

गवंडी बाहेर पळाला. गिरणीवाली पदरात तोंड खुपसून हसायला लागली. पापणीबाईचा चेहरा लाल झाला. तेवढं रक्त तिच्यात होतं तर. तिने पिशवीत हात घातला, स्वतःच वाटायला आणलेल्या गोळ्यांतली एक काढली आणि पाणी मागितलं. गोळी गिळताना तिने इतकं तोंड वाकडं केलं, की पिटुकली रडायची थांबली.

“झालं?” ती म्हणाली.

“तोंड उघडा,” वीटभट्टीवरची म्हणाली. “आता जीभ उचला.”